पिनेच्या भरवशावर दिवे लावू नका

हळद शिजली, वाळली, ढोलात घालून पॉलिश झाली की आमच्या कळमनुरी भागात एकच घाई असते. ट्रॉली रातोरात हिंगोलीच्या मार्केट यार्डात लावायची, म्हणजे सकाळच्या बिटात, म्हणजे लिलावात, नंबर लवकर लागतो. अंतर वीसेक किलोमीटर, रस्ता पायाखालचा. एका एप्रिलमध्ये मीही असाच अंधार पडल्यावर निघालो. ट्रॉलीत कट्टे, वर ताडपत्री. निघताना मागचा लाल दिवा डोळ्यांनी पाहिला होता, लागत होता.

अर्ध्या वाटेत मागून दणका बसला. मोटारसायकलवरचा एक पोरगा ट्रॉलीवर आदळला होता. मी उतरून मागे धावलो आणि आधी काय दिसलं, तर काळोख. दिवा विझलेला. ताशी 60 च्या वेगानं येणारी गाडी सेकंदाला 16-17 मीटर कापते. ब्रेकवर पाय जाईपर्यंतच 20-25 मीटर संपतात. वीसच्या चालीनं रांगणारी, बिनदिव्याची ट्रॉली त्याला दिसणार तरी कधी?

पोरगा वाचला. मांडीचं हाड मोडलं होतं, नांदेडला ऑपरेशन झालं. त्याच्या घरच्यांची वर्षभराची ओढाताण मी जवळून पाहिली, म्हणून हे लिहितो आहे.

दुसऱ्या दिवशी अंगणात ट्रॉली जोडून पाहिली, तर दिवा व्यवस्थित लागला! आम्ही बल्बला दोष दिला आणि बल्ब बदलला. आता सगळंच नीट करू म्हणून एका मिस्त्रीकडून ब्रेकचे आणि इंडिकेटरचे दिवेही बसवून घेतले. आठवडाभरानं माझा मुलगा मागे उभा राहून म्हणाला, "बाबा, तुम्ही ब्रेक दाबला की दोन्ही साइड मिणमिण करतात." मी खाली वाकलो आणि हेड म्हणजे ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांना जोडणारी पिन हातानं हलवली. हलवली की दिवे झपकन उजळायचे, सोडली की मंद. दोष तेव्हा कळला.

बल्बला वीज एका तारेनं येते आणि दुसऱ्या वाटेनं बॅटरीकडे परत जाते. ही परतीची वाट म्हणजे अर्थ. आमच्या ट्रॉलीला अर्थची वेगळी वायर नव्हतीच. वीज परतायची ती चासी, हूक, पिन आणि ड्रॉबार अशी, लोखंडातून. ट्रॉली रबरी टायरवर उभी, तेव्हा दुसरी वाटच नाही. पिनेवर गंज, जुनं ग्रीस, चिखल असतो. खड्ड्यात ट्रॉली उसळली की लोखंडाला लोखंड टेकत नाही. त्या रात्री ट्रॉलीवर एकच दिवा होता, तो असाच विझला. नंतर दिवे वाढले, तेव्हा ब्रेकची वीज इंडिकेटरच्या तारेतून हेडकडे चोरवाट काढू लागली. एक दिवा लावल्यावर भलताच मिणमिणला, तर बल्ब बदलत बसू नका. आधी अर्थ बघा.

मग मी सगळी वायरिंग उपटून नव्यानं केली. पाच वायरी घेतल्या: डावा इंडिकेटर, उजवा इंडिकेटर, टेल, ब्रेक आणि अर्थ. अर्थची सगळ्यांत जाड, कारण चारही दिव्यांची वीज तिच्यातूनच परत जाते. ट्रॉलीच्या चासीवर जिथं ती कसायची, तिथला रंग लोखंड चकाकेपर्यंत खरवडला, बोल्ट आवळला आणि वरून ग्रीस लावलं. दुसरं टोक हेडच्या बॅटरीच्या निगेटिव्हला. मध्ये सात पिनांचं सॉकेट बसवलं, म्हणजे ट्रॉली सोडताना तारा ओढून तोडाव्या लागत नाहीत. बॅटरीजवळ फ्यूज टाकलाच पाहिजे. वायर कुठं घासून लोखंडाला लागली तर फ्यूज उडेल, आग लागणार नाही. पीळ मारून टेप गुंडाळलेला सांधा तर ठेवूच नका. एका पावसाळ्यात तो हिरवा पडतो.

वायरीला ढील किती ठेवायची, हे ट्रॉली पूर्ण वळवून ठरवा. आखूड राहिली तर वळणावर तुटते, जास्त लोंबली तर रस्त्याला घासते. इंडिकेटरचा प्रत्येक बल्ब 21 वॅटचा. एका बाजूला दोनाचे तीन झाले की 12 व्होल्टवर साडेतीनऐवजी सव्वापाच अँपिअर लागतात, म्हणून इंडिकेटर लुकलुकवणारा फ्लॅशरही तेवढ्या ताकदीचा घ्या.

माझा भाचा त्याच्या कारला छोटी ट्रेलर जोडायची म्हणतो. त्यालाही अर्थची वेगळी वायर टाकायला सांगितलं, आणि आणखी एक. नव्या गाड्यांत दिव्यांवर कॉम्प्युटरची नजर असते, टेल लाइटच्या तारेला थेट जोड दिला की गडबड होते. ट्रेलरच्या दिव्यांना वीज बॅटरीतून फ्यूज आणि रिलेमार्फत द्यायची, टेल लाइटच्या तारेनं फक्त रिले चालवायचा. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीत मनानं बदल करता येत नाहीत, म्हणून हूक वेल्ड करण्याआधी आरटीओत विचारायचं.

दिवे चालू असले तरी लाल रिफ्लेक्टर हवेतच. बॅटरी, फ्यूज, वायर सगळं गेलं तरी मागच्या गाडीच्या उजेडात ते चमकतात. पण ते पुसावे लागतात, आणि ताडपत्रीची झालर त्यांच्यावर लोंबता कामा नये. मी स्वतः ताडपत्रीखाली झाकलेले दिवे घेऊन जाणाऱ्या ट्रॉल्या थांबवून लोकांना सांगितलं आहे, कुणी रागावलं नाही.

यंदा हळद घेऊन निघाल तेव्हा घरातल्या कुणालातरी ट्रॉलीमागे वीस पावलांवर उभं करा. टेल लावा, ब्रेक दाबा, दोन्ही साइड दाखवा, आणि हे सगळं चालू असताना पिन हलवून बघा. एकही दिवा मिणमिणला, तर त्या रात्री निघू नका. बीट दुसऱ्या दिवशीही असतं.