औषधविक्रीचा अंदाज : सरासरीवर किती विसंबावे?

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अकराव्या अध्यायात अनुमान हे प्रत्यक्षपूर्वक असते व तिन्ही काळांना लागू पडते, असे सांगितले आहे. बीज पाहून भावी फळ जाणणे हे त्याचेच उदाहरण. औषधालयातील संगणक पुढील महिन्याच्या मागणीचा जो अंदाज देतो, तेही एक अनुमानच होय. म्हणून त्याच्या आधारभूत नोंदी कशा आहेत, हे प्रथम पाहिले पाहिजे.

एक उदाहरण

समजा, सहा महिन्यांत त्रिफळा चूर्णाच्या ३८, ४२, ४०, ३९, ४१, ४० डब्या खपल्या आणि सितोपलादि चूर्णाच्या २०, ७०, ३०, ६०, १५, ४५. दोहोंची सरासरी ४० येते. केवळ सरासरी मांडणारी प्रणाली दोन्ही औषधांपुढे ४० हाच आकडा दाखवील. परंतु त्रिफळ्याचे प्रमाण विचलन सुमारे १.४ आहे, तर सितोपलादीचे सुमारे २२.

ढोबळमानाने सरासरीच्या दोन्ही बाजूंस दुप्पट विचलन धरले, तर त्रिफळ्याची अपेक्षित मागणी ३७ ते ४३ या मर्यादेत येते. सितोपलादीची वरची मर्यादा ८४ होते व खालची शून्याच्याही खाली जाते. विक्री शून्याखाली जाऊ शकत नाही. म्हणजे येथे हे गणितच अपुरे पडते. आकडा एकच असला, तरी त्यावरील विश्वास एकसारखा ठेवता येत नाही.

चढउताराची कारणे

१) ऋतू : कास-प्रतिश्यायाच्या दिवसांतील मागणी इतर महिन्यांशी मिसळल्यास सरासरी कोणत्याच ऋतूची राहत नाही.

२) असाधारण काळ : २०२० व २०२१ मधील कोविडच्या साथीत गुळवेल, च्यवनप्राश आदींची मागणी एकाएकी वाढली. ते महिने वेगळे न काढल्यास पुढील अंदाज फुगतो.

३) संपलेला साठा : औषध नसल्याने रुग्ण परत गेला, तर वहीत विक्री शून्य दिसते, मागणी मात्र शून्य नसते. आम्हीही ही चूक केली आहे. साठा संपलेल्या महिन्याचा शून्य तसाच हिशेबात राहिला, पुढील खरेदी कमी झाली आणि चालू चिकित्सेतील रुग्णांना पुन्हा रिकाम्या हाती परतावे लागले.

उपाय

नोंदी वाढवल्याने सरासरी अधिक स्थिर होते. पण तिच्यातील अनिश्चितता निम्मी करण्यास नोंदी चौपट लागतात. शिवाय, मागणीचा मूळ चढउतार त्याने नाहीसा होत नाही. म्हणून मागील वर्षीच्या त्याच ऋतूशी तुलना करावी. परत गेलेल्या मागणीची स्वतंत्र नोंद ठेवावी. नवी प्रणाली घेताना शेवटच्या तीन महिन्यांचे आकडे तिला न देता त्यांचाच अंदाज मागावा व तो प्रत्यक्ष विक्रीशी ताडून पाहावा. विक्रेत्याकडे एका आकड्याऐवजी मर्यादा मागावी.

स्थिर मागणीच्या औषधाची खरेदी अंदाजानुसार करण्यास हरकत नाही. अस्थिर मागणीचे औषध थोडे थोडे, परंतु वारंवार घ्यावे. नियम १६१-ब नुसार चूर्णांना वापराची मुदत आहे. साठा फार झाला तर औषध मुदतबाह्य होते आणि कमी पडला तर चिकित्सा खंडित होते. या दोहोंतील निर्णय अखेर वैद्याच्या युक्तीनेच घ्यावयाचा आहे.