कोरडे डोळे आणि ओमेगा-3च्या गोळ्या



ऊस नोंदीसाठी मोटारसायकलवर फिरताना गेल्या उन्हाळ्यात आमचे डोळे चुरचुरू लागले. वाळू गेल्यासारखे खुपायचे. कोणीतरी सांगितले म्हणून आम्ही माशाच्या तेलाच्या ओमेगा-3 गोळ्या सुरू केल्या आणि डॉक्टरांनी दिलेले थेंब बंद केले. चूक तिथेच झाली; महिन्याभरात त्रास वाढला. तीच चूक आपण करू नये म्हणून हे चार शब्द.

अश्रू म्हणजे नुसते पाणी नव्हे. त्यावर तेलाचा पातळ थर असतो. तो पापण्यांच्या कडेच्या बारीक ग्रंथींतून येतो. हा थर बिघडला की पाणी लवकर उडते; पाचटाचे आच्छादन काढल्यावर सरीतली ओल उडते, तसेच. ओमेगा-3 या मेदाम्लाने दाह कमी होऊन डोळे सुधारतील, अशी आशा होती.

अमेरिकेत 27 केंद्रांवर 535 रुग्णांवर याची चाचणी झाली. काहींना वर्षभर रोज 3000 मिलिग्रॅम ओमेगा-3 दिले, बाकीच्यांना ऑलिव्ह तेलाच्या गोळ्या. कोणाला काय मिळते, हे रुग्णांना ठाऊक नव्हते. निकाल 2018 साली प्रसिद्ध झाला. 100 गुणांच्या मोजपट्टीवर त्रास ओमेगा गटात सरासरी 13.9 ने, तर ऑलिव्ह गटात 12.5 ने घटला. म्हणजे बरे दोघांनाही वाटले, फरक धरण्याजोगा नव्हता. खत घातलेला पट्टा वाढला आणि न घातलेलाही तेवढाच वाढला, तर टनेज खताच्या नावावर लिहाल का?

जवसात ओमेगा-3 असते, पण माशातल्यापेक्षा वेगळ्या प्रकारचे. शरीर त्यातला थोडाच भाग त्या प्रकारात बदलते. जवसाची चटणी भाकरीबरोबर जरूर खा. पण ती आहार आहे, थेंबांची जागा घेणारे औषध नव्हे.

ध्यानात ठेवा :

1. डॉक्टरांचे थेंब मनाने बंद करू नका.
2. कोमट पाण्यात पिळलेले स्वच्छ फडके मिटलेल्या पापण्यांवर काही मिनिटे ठेवा.
3. गाडीवर चष्मा लावा. मोबाईल बघताना पापण्या लवत ठेवा.
4. पाचट पेटवू नका. धूर डोळ्यांनाही जाळतो.
5. तेल, तूप, मध डोळ्यांत घालू नका.

आणि उसाचे पान डोळ्याला लागले, डोळा लाल होऊन दुखू लागला किंवा अंधुक दिसू लागले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. जखमेत बुरशी वाढली तर दृष्टी जाऊ शकते. तोडणी एक दिवस थांबेल. डोळा थांबत नाही.

— ऊस विकास अधिकारी