अनाहूत जाहिरातपट्टी

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी २०२० च्या जून महिन्यात गुलाबी झाले. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आला, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेस आढळले. एखादा विद्यार्थी हा वृत्तान्त संगणकावर वाचू लागतो, तोच पडद्यावर जाहिरातींची पट्टी अवतरते व मजकूर झाकून टाकते. एकाच संकेतस्थळावर असे घडले, तर ती करामत त्या स्थळाची समजावी. परंतु प्रत्येक स्थळावर तीच पट्टी दिसू लागली, तर तिचे बिऱ्हाड बहुधा आपल्याच संगणकात असते.

ही पट्टी पुष्कळदा परवानगी घेऊन येते, हीच तिची लबाडी! फुकट सॉफ्टवेअर बसविताना एका चौकटीत संमतीची खूण आधीच केलेली असते आणि घाईत ती कोणी वाचत नाही. जावा या प्रसिद्ध सॉफ्टवेअरबरोबर 'आस्क' नावाची पट्टी अनेक वर्षे याच रीतीने घरोघरी शिरली. अखेर २०१५ साली मायक्रोसॉफ्टने तिच्या जुन्या आवृत्त्या अनिष्ट ठरविल्या.

अशा पट्टीवरील फुली दाबून भागत नाही. कित्येकदा ती फुलीच दुसऱ्या जाहिरातीचे दार असते. प्रथम संगणकातील सॉफ्टवेअरच्या यादीतून तो अनोळखी पाहुणा काढावा. मग ब्राउझरमधील एक्स्टेन्शने तपासावीत आणि बदललेले मुखपृष्ठ पूर्ववत करावे.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी तेरा फसव्या रीतींना मनाई केली. बातमीचा वेष घेतलेली जाहिरात त्यांतच मोडते. तिच्याविषयीची तक्रार १९१५ या दूरध्वनी क्रमांकावर नोंदविता येते.