घरची मांजर आणि नवी पिल्ले

आपल्या एटापल्ली भागात धान पिकते. धान घरात आले की उंदीर आलेच! म्हणून लोक मांजर पाळतात. मांजर म्हातारी झाली की नवी पिल्ले आणतात. पण जुनीला ते आवडत नाही. ती फिसकारते, शेपटी फुगवते, पंजा मारते. कधी कधी घर सोडूनही जाते. मग धान कोण राखणार?

ती काही दुष्ट नसते. मांजर आपले घर वासाने ओळखते. खांबाला, दाराला गाल घासून ती आपला वास लावून ठेवते. पिल्लांचा वास तिला परका वाटतो. म्हणून असे करावे :

१) पिल्लू ८ आठवड्यांचे होईपर्यंत त्याच्या आईजवळच राहू द्यावे.

२) आणल्यावर ते वेगळ्या खोलीत ठेवावे. खोली नसेल तर मधे बांबूचा तट्टा लावावा.

३) पिल्लाच्या अंगाखालचे फडके मोठीजवळ ठेवावे आणि मोठीचे पिल्लाजवळ. वासाची ओळख आधी होते.

४) मग तट्ट्याच्या दोन बाजूंना दोघांना जेवू घालावे. ताटली वेगळी. मोठीला आधी वाढावे, कारण घर तिचे आहे.

५) फिसकारली तर मारू नये. पिल्लू तिच्यासमोर ढकलू नये.

६) शेवटी तट्टा काढावा. तेव्हा मोठे माणूस जवळ पाहिजे. मोठीला चढून बसायला उंच जागा ठेवावी.

कुणाचे आठ दिवसांत जमते, कुणाला महिने लागतात. वर्गात नवीन मुलगा आला की आपण तरी लगेच कुठे बोलतो? आधी लांबूनच बघतो. मांजरीचेही तसेच आहे.

— इयत्ता ४ थी