नवा व्हेरिएंट किती जीवघेणा, हे कशावरून ठरतं?

प्रश्न : दर काही महिन्यांनी करोनाच्या नव्या व्हेरिएंटचं नाव कानावर येतं आणि लगेच ‘हा सौम्य आहे’ असंही सांगतात. दुसऱ्या लाटेत आमच्या गल्लीत जे पाहिलं, त्यानंतर विश्वास बसत नाही. मृत्यूचा धोका वाढला की कमी झाला, हे ठरवतात कसं? घरी 72 वर्षांचे वडील आहेत, त्यांना शुगर आहे.
— एक वाचक, परतूर (जि. जालना)

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. विषाणू जुना झाला की आपोआप मवाळ होतो, असं सर्रास बोललं जातं, पण तसा नियम नाही. करोनाचा रुग्ण इतरांना लागण देतो ती मुख्यतः पहिल्या आठवड्यात, आणि दगावतो तो बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांनी. तोवर विषाणूचं पसरण्याचं काम झालेलं असतं. रुग्ण जगला काय, गेला काय, विषाणूला फारसा फरक पडत नाही.

2020च्या अखेरीस इंग्लंडमध्ये पसरलेला अल्फा तर आधीच्यापेक्षा घातक निघाला. तिथल्या संशोधकांनी वय, लिंग, राहण्याचा भाग अशा बाबतींत सारख्या असलेल्या सुमारे 55 हजार रुग्णांच्या जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीत एकाला अल्फा, दुसऱ्याला जुना प्रकार. जुन्यात हजारी अडीच मृत्यू, अल्फात हजारी चार. सारख्याची तुलना सारख्याशी करायची, हीच खरी पद्धत.

आपल्याकडे मात्र मृत्यूंना रुग्णसंख्येनं भागून मोकळं होतात. 18 एप्रिल 2021 रोजी महाराष्ट्रात 68,631 नवे रुग्ण नोंदले गेले आणि मृत्यू पाचशेच्या घरात. 21 जानेवारी 2022 रोजी रुग्ण 48 हजारांवर, मृत्यू पन्नासच्या आसपास. एप्रिलची लाट डेल्टाची, जानेवारीची ओमिक्रॉनची, म्हणजे ओमिक्रॉन कैक पटींनी सौम्य, असा हिशेब अनेकांनी केला. तो चुकतो. आजचे मृत्यू हे काही आठवड्यांपूर्वीच्या लागणीचे असतात. शिवाय जानेवारीत कित्येकांनी घरीच किटवर तपासणी केली, तर कित्येकांनी स्वॅबच दिला नाही.

आणि सगळ्यात मोठा फरक पडला होता तो माणसांत. 2 जानेवारी 2021 रोजी राज्यात लसीकरणाची रंगीत तालीम झाली, त्यासाठी निवडलेल्या चार जिल्ह्यांत पुणे, नागपूर, नंदुरबारबरोबर आपला जालनाही होता. तरी साठीपुढच्यांना लस मिळू लागली ती 1 मार्चपासून. एप्रिलात घरोघरी ‘सिटी स्कॅनचा स्कोअर किती आला?’ हा एकच प्रश्न होता, तेव्हा दोन्ही डोस झालेले फार थोडे होते. ओमिक्रॉन आला तो लस घेतलेल्या किंवा आधी आजार होऊन गेलेल्या शरीरांत.

मग ओमिक्रॉन मुळातच सौम्य होता का? काही अंशी हो. इंग्लंडमधल्या मोठ्या अभ्यासात वय, लस वगैरे सगळं जमेस धरूनही डेल्टापेक्षा मृत्यूचा धोका 69 टक्क्यांनी कमी आढळला. प्रयोगशाळेतही दिसलं की तो श्वासनलिकेत झपाट्यानं वाढतो, फुप्फुसाच्या आत मात्र त्याला तितकं जमत नाही. पण याच ‘सौम्य’ ओमिक्रॉननं 2022च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये हाँगकाँगमध्ये हजारो वृद्धांचे बळी घेतले, कारण ऐंशीपुढच्या बहुतेकांनी लस पूर्ण घेतलेली नव्हती. त्यामुळे ‘सौम्य’ हे विशेषण एकट्या विषाणूला लावणं मला धोक्याचं वाटतं. मृत्यूचा धोका विषाणू, समोरचं शरीर आणि उपचार मिळेपर्यंत गेलेला वेळ, या तिन्हींवर मिळून ठरतो. परतूरसारख्या ठिकाणाहून रुग्ण जालन्याला किंवा पुढे छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात न्यायचा, तर हा वेळ क्षुल्लक नसतो.

म्हणून नव्या नावाची बातमी आली की रुग्णसंख्येपेक्षा दोन गोष्टी विचारा : रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचं प्रमाण वाढतंय का, आणि ते कोणत्या वयाचे आहेत? मे 2025 मध्ये एनबी.1.8.1 हा प्रकार जागतिक आरोग्य संघटनेनं निगराणीच्या यादीत घातला, तेव्हा जास्तीचा धोका कमी असल्याचं सांगितलं ते अशाच माहितीच्या आधारे.

वडिलांसाठी व्हेरिएंटच्या नावापेक्षा त्यांचं वय आणि शुगर महत्त्वाची. ताप-खोकला आला तर ‘बघू उद्या’ न म्हणता पहिल्या एक-दोन दिवसांतच तपासणी करा, कारण विषाणूरोधक औषधं सुरुवातीलाच उपयोगी पडतात. घरी ऑक्सिमीटर ठेवा, आकडा 94च्या खाली गेला की निघा. आणि स्टेरॉइडबाबत सावध राहा. ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडनं ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे मृत्यू पाचव्या हिश्श्यानं आणि व्हेंटिलेटरवरच्यांचे तिसऱ्या हिश्श्यानं घटले, पण ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना काहीही फायदा झाला नाही. 2021च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य आजाराचे जे रुग्ण राज्यभर दिसले, त्यांत अनियंत्रित शुगर असलेले आणि स्टेरॉइड घेतलेले फार होते. वडिलांना कुणी तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच स्टेरॉइड लिहून दिलं, तर त्यांचा ऑक्सिजन आणि शुगर किती आहे, याची विचारणा गोळी देण्याआधी करा.