एका प्रांताची गाणी

सुफ्यान स्टीव्हन्स ह्या अमेरिकन गायक-संगीतकाराचा 'इलिनॉय' हा गीतसंग्रह २००५ साली निघाला. त्याच्या शैलीला 'चेंबर पॉप' म्हणतात. दिवाणखान्यात ऐकण्यासाठी मोजक्या वाद्यांचे जे संगीत युरोपात रचले गेले, त्यातील व्हायोलिन, ओबो अशी वाद्ये साध्या गीताच्या साथीला घेणे, असा त्याचा थोडक्यात अर्थ सांगता येईल.

ह्या २२ रचनांचा नायक कोणी माणूस नसून इलिनॉय हा प्रांत आहे. १८९३ चे शिकागोचे जागतिक प्रदर्शन त्यात येते, कवी कार्ल सँडबर्ग येतो. पण नुसता इतिहास-भूगोल असता, तर तो मनाला भिडला नसता.

'कॅसिमिर पुलास्की डे' हे गीत पाहा. पुलास्की हा अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात १७७९ साली कामी आलेला पोलिश सेनानी. मार्चच्या पहिल्या सोमवारी इलिनॉयमध्ये त्याचा दिवस पाळतात. गीतात मात्र वीरकथा नाही. हाडांच्या कर्करोगाने आजारी असलेली एक मुलगी आहे आणि तिच्यावर जीव असलेला मुलगा आहे. मंडळी तिच्यासाठी प्रार्थना करतात. गुण येत नाही. त्या सुटीच्या सकाळी ती जाते. गिटार, बँजो, ट्रम्पेट अशी मोजकी साथ. आवाज कोठेही चढत नाही. रडे आवरून बोलणाऱ्याचे बोलणे जसे अधिक लागते, तसे हे लागते.

दुसरे गीत याहून अवघड आहे. जॉन वेन गेसी याने १९७२ ते १९७८ ह्या काळात किमान ३३ मुलांचे व तरुणांचे खून केले. अशा माणसावर हळुवार गीत रचावे काय? मृतांच्या आप्तांना काय वाटेल? हा आक्षेप मला रास्त वाटतो. परंतु स्टीव्हन्स गुन्ह्याचे समर्थन करीत नाही. अखेरीस तो स्वतःकडे वळतो आणि आपणही आत काही दडवले आहे, असे सुचवतो. 'तो राक्षस, आपण सज्जन' ही सोयीची भिंत तेथे ढासळते.

आपल्या कीर्तनात पूर्वरंगात निरूपण असते, उत्तररंगात आख्यान. येथे केवळ आख्यान आहे. निरूपण श्रोत्यावर सोपवले आहे. प्रार्थना फळली नाही, तर श्रद्धेचे काय? दुष्टालाही माणूस म्हणावे काय? उत्तरे आयती मिळत नाहीत, म्हणूनच हा संग्रह पुन्हा पुन्हा ऐकावासा वाटतो.