तराजूत काय काय पडते? : अमेरिकेतील मादक द्रव्यांचे खटले व शिक्षेचा हिशेब

आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबांची मुलेमुली आज शिक्षणासाठी वा नोकरीनिमित्त अमेरिकेत आहेत. तेथील विद्यापीठांची, पगारांची, थंडीवाऱ्याची माहिती आपण हौसेने मिळवितो. तेथील फौजदारी कायद्याची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाही. ती करण्याची वेळ कोणावरही न येवो. तथापि, "मी एकच पुडके पोचविले, मला फार तर तेवढ्यापुरती शिक्षा होईल" ही समजूत किती घातक आहे, हे थोरांना व तरुणांना ठाऊक असावे, म्हणून हा विषय आम्ही येथे सोप्या रीतीने मांडीत आहोत.

अमेरिकेत प्रत्येक राज्याचे कायदे निराळे आणि संघराज्याचे, म्हणजे फेडरल सरकारचे, निराळे. आम्ही येथे केवळ फेडरल न्यायालयांचा विचार करणार आहोत. या न्यायालयांत मादक द्रव्यांच्या विक्रीबद्दल शिक्षा देताना दोन मापे लावली जातात. ती एकमेकांत मिसळू देता कामा नयेत.

पहिले माप कायद्याचे. १९८६ साली अमेरिकन काँग्रेसने वजनावरून किमान शिक्षा ठरवून दिल्या. १०० ग्रॅम हेरॉइन किंवा ५०० ग्रॅम कोकेन असेल तर किमान ५ वर्षे. १ किलो हेरॉइन किंवा ५ किलो कोकेन असेल तर किमान १० वर्षे. शुद्ध द्रव्य किती हे येथे पाहत नाहीत. भेसळीसकट सारे वजन धरतात. काही ठरावीक अपवाद सोडले, तर न्यायाधीशालाही या मर्यादेखाली उतरता येत नाही.

दुसरे माप मार्गदर्शक नियमावलीचे. शिक्षा आयोगाने तयार केलेली ही नियमावली १ नोव्हेंबर १९८७ पासून अमलात आली. तिच्यात वजनाचा एक तक्ता आहे. वजनावरून पायरी ठरते. पायरी आणि आरोपीचा पूर्वेतिहास यांवरून तुरुंगवासाचे महिने निघतात. आमच्या विषयाचे मर्म येथेच आहे. या तक्त्यात केवळ पकडलेल्या मालाचे वजन घालीत नाहीत. त्याच व्यवहाराच्या ओघात किंवा त्याच योजनेचा भाग म्हणून झालेल्या अन्य विक्रीचेही वजन त्यात मिळवितात. याला 'संबंधित वर्तन' म्हणतात. त्या अन्य विक्रीबद्दल वेगळा आरोप ठेवलेला असण्याचीही गरज नाही.

उदाहरण घेऊ. एक तरुण ३० ग्रॅम हेरॉइन विकताना सापडला व तेवढ्याबद्दल दोषी ठरला. पूर्वी कधी शिक्षा झालेली नाही. अन्य वाढ-घट बाजूस ठेवली, तर तक्त्यात त्याची पायरी १६ आणि शिक्षा २१ ते २७ महिने. आता असे दिसून आले की, गेल्या काही आठवड्यांत त्याने त्याच पुरवठादाराचा माल त्याच गिऱ्हाइकाला तीन वेळा, २०, ३० व ४० ग्रॅम, असा विकला होता. बेरीज १२० ग्रॅम होते. पायरी २४ वर जाते आणि शिक्षा ५१ ते ६३ महिने होते. सापडला तो एकदाच. मोजले गेले चारही वेळचे.

दुसऱ्याचा माल आपल्या माथी येतो काय? येतो, परंतु त्याला मर्यादा आहे. मिळून केलेल्या कामात सोबत्याने केलेले कृत्य आपण पत्करलेल्या कामाच्या कक्षेतले, ते काम पुढे नेणारे आणि आधी कल्पना येण्याजोगे असावे लागते. नियमावलीनेच दृष्टांत दिले आहेत. गांजाने भरलेले जहाज उतरविण्यास दहा माणसे लावली, तर त्यांतला प्रत्येकजण साऱ्या मालाला जबाबदार. मी चारच गाठोडी उचलली, हे म्हणणे चालत नाही. उलट, बड्या तस्कराकडून ५०० ग्रॅम कोकेन विकण्यापुरतेच काम ज्याने पत्करले, त्याला तस्कराचा मोठा व्यापार ठाऊक असला तरी जबाबदारी ५०० ग्रॅमचीच. नुसते ठाऊक असणे व सामील असणे यांत कायदा भेद करतो.

आता पुराव्याचा प्रश्न. दोष शाबीत करण्यास ज्यूरीपुढे निःसंशय पुरावा लागतो. संबंधित वर्तनासाठी मात्र "असे घडले असण्याचा संभव अधिक" एवढी न्यायाधीशाची खात्री पुरते. १९९७ साली वॉट्स खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने तर असे ठरविले की, ज्या आरोपातून ज्यूरीने मुक्त केले तेही वर्तन शिक्षेच्या वेळी विचारात घेता येते. त्या निर्णयातील एका आरोपीला ८ मे १९९२ च्या कोकेनविक्रीबद्दल दोषी व ९ मेच्या विक्रीबद्दल निर्दोष ठरविले होते. तरी न्यायाधीशाने दोन्ही दिवसांचे वजन धरले. यावर पुष्कळ टीका झाली. अखेर १ नोव्हेंबर २०२४ पासून, ज्या आरोपातून फेडरल न्यायालयात सुटका झाली ते वर्तन नियमावलीच्या हिशेबातून सर्वसाधारणपणे वगळण्यात आले. ज्याचा आरोपच ठेवला नव्हता ते मात्र अजूनही मोजले जाते.

आरोपीच्या बाजूने दोन आधार आहेत. २००५ च्या बुकर निकालाने नियमावली बंधनकारक न राहता सल्ल्यादाखल उरली. २०१३ च्या ॲलेन निकालाने ठरविले की, किमान शिक्षा ज्या वजनामुळे लागू होते ते वजन ज्यूरीपुढेच निःसंशय शाबीत झाले पाहिजे. म्हणून वरच्या उदाहरणात न्यायाधीशाने बेरीज १२० ग्रॅम धरली, एवढ्यावरून ५ वर्षांची किमान शिक्षा आपोआप लागू होत नाही. पहिले माप व दुसरे माप वेगळे, असे आम्ही आरंभी म्हटले ते यासाठी.

आपल्या देशातही वजनाला महत्त्व आहेच. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात २००१ साली दुरुस्ती होऊन अल्प, मध्यम व व्यापारी असे वर्ग पडले. हेरॉइन ५ ग्रॅमपर्यंत अल्प, २५० ग्रॅमच्या वर व्यापारी. व्यापारी वर्गाला १० ते २० वर्षे सक्तमजुरी आहे. २०२० साली हीरा सिंग खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही भेसळीसकट वजन धरावे, असा निर्णय दिला.

कायद्याची ही बारकी गणिते वकिलांनी सांभाळावीत. घरात सांगण्याजोगी गोष्ट एवढीच : कोणी मित्र म्हणून पुडके हाती देतो, तेव्हा त्याच्या पाठीमागे किती वजन आहे हे आपल्याला दिसत नाही. न्यायालयाच्या तराजूत ते दिसू लागते, आणि तेव्हा हात मागे घेण्याची वेळ टळून गेलेली असते.